अप्पांना कळू देऊ नका

वडवणी,
८ नोव्हेंबर २०२५

श्री. अर्जुनराव यांचे घरी, युसूफ वडगाव
सौ. रुद्राणीस,

आशीर्वाद लिहायला आज हात अडतो आहे, पण बापाने आशीर्वाद अडवून ठेवायचा नसतो. तो घे आणि पुढचं वाच. जूनपासून तू माझा फोन उचलत नाहीस. बुधवारपासून मी नऊ वेळा लावला. तुझी आई म्हणते, "शाळंत आसंल." मास्तरीण असलीस तरी दिवेलागणीला कुठली शाळा भरते, ते मला सांग.

बुधवारी कार्तिकी पौर्णिमेला आम्ही कपिलधारला गेलो होतो. डॉक्टरांनी गर्दीत जायला मनाई केली आहे, म्हणून तोंडाला मास्क लावून मी लांब पायरीवर बसलो. अमरनाथ खास पुण्याहून आला होता. सगळे धारेखाली अंघोळीला उतरले, पण हा काही सदरा काढीना. तुझा चुलतभाऊ त्रिंबक कसा आहे ते तुला माहीत आहे. त्याने मागून येऊन थट्टेत सदरा ओढून काढला आणि ओरडला, "काय बे आमऱ्या, टाके कुठं गेले? पोटावर वरखडा सुदीक न्हाई!"

आपल्या समाजाची वीसेक माणसं तिथे होती. सगळ्यांनी आधी अमरनाथच्या पोटाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

परतताना मांजरसुंब्याच्या हॉटेलात मी त्याला समोर बसवलं. त्याने चहा निवू दिला. मग बोलला. पुण्याच्या दवाखान्यात लिव्हर देणाऱ्याला डॉक्टर एकट्याला आत बसवून विचारतात, कुणाचा दबाव आहे का. तिथे ह्याला रडू फुटलं. डॉक्टर म्हणाले, द्यायचं नसेल तर देऊ नका. घरी आम्ही सांगू की तुमच्या लिव्हरमध्ये चरबी आहे म्हणून चालत नाही, खरं कारण या खोलीबाहेर जाणार नाही. म्हणजे माझ्या मुलाने माझ्याकडे पाठ फिरवली आणि त्यावर पांघरूणही मिळालं. "मला लई भ्या वाटलं, अप्पा," एवढंच म्हणत राहिला. पस्तीस वर्षांचा माणूस.

आता तुझ्याकडे येतो. माझं लिव्हर गेलं ते साखरेच्या आजाराने आणि अंगातल्या चरबीने. उभ्या जन्मात दारूचा थेंब घेतला नाही, तरी शेटजी चोरून घेत होते अशी चर्चा गावाने केलीच. सदुसष्टाव्या वर्षी डॉक्टर म्हणाले, हृदय चांगलं आहे, जिवंत माणसाच्या लिव्हरचा तुकडा बसवता येईल, देणारं माणूस घरातलं हवं. तेव्हाच मी तुम्हा सगळ्यांसमोर सांगितलं होतं, मुलाचं घेईन, लेकीचं घेणार नाही. जिच्या घरचं पाणी मी घेत नाही, तिचं अंग घेऊ? त्यापेक्षा मेलेला बरा. हे शब्द होते माझे.

त्यानंतर लिव्हर काम करेनासं झालं आणि माझ्या डोक्यात विष चढलं. मी दवाखान्यात गिऱ्हाइकांना हाका मारत होतो म्हणे. मला शुद्ध नव्हती त्या चार दिवसांत तुम्ही हा घाट घातला. अमरनाथ सांगतो, तू म्हणालीस, "मी देते. पण अप्पांना कळू देऊ नका." नाव अमरनाथचं सांगायचं ठरलं आणि तुझी आई तयार झाली. सूनबाई शिवांजली तयार झाली. नवऱ्याची संमती लागते म्हणून जीवनरावांनी सही केली. आणि सासरी काय सांगितलंस, तर पित्ताशयाचं ऑपरेशन! लातूरच्या डॉक्टरीणबाईंकडे मूल व्हावं म्हणून तीन वर्षं चाललेले उपचार त्यापायी बंद केलेस. छत्तिसाव्या वर्षी कुणी असं करतं का? हे सगळं मला मांजरसुंब्याच्या हॉटेलात कळावं?

मला कपिलधारच्या पायरीपर्यंत कशाचीही गंधवार्ता नव्हती. हे मी ठासून लिहितो आहे. माझ्याच माणसांनी माझा शब्द माझ्या बेशुद्धीत मोडला. उत्तर दे.

फसवला गेलेला,
अप्पा


वडवणी,
२० नोव्हेंबर

श्री. अर्जुनराव यांचे घरी, युसूफ वडगाव
सौ. रुद्राणीस,

उत्तर नाही. लहानपणी रुसलीस की खोबऱ्याचा तुकडा दिला तरी चालायचं, आता काय पाठवू ते सांग.

राग थोडा उतरला आहे. दुकानावरचा फ्लेक्स काल मीच शिडीवर चढून उतरवला. खाली तुझी आई शिडी धरून मला बोल लावत होती. 'आधुनिक श्रावणबाळ अमरनाथ' आणि काळा चष्मा लावलेला त्याचा फोटो. पाच महिने मी त्या फोटोखाली बसून साखर आणि तूरडाळ विकली.

जूनच्या मेळाव्याचं तुझ्या मनात आहे, हे मला कळतं. समाजाने अमरनाथला फेटा बांधला, शाल घातली, आणि माझ्या हातात माईक दिला. मी म्हणालो, पोटचा मुलगा असला की बापाला काळजी नसते. टाळ्या पडल्या. तू तिसऱ्या रांगेत व्याहीणबाईंच्या शेजारी होतीस. मध्येच उठून गेलीस. मला जे सांगण्यात आलं होतं त्यावरून मी बोललो, यात माझा काय दोष?

आणि पाण्याचं म्हणशील तर ती काही मी काढलेली रीत नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हे माझ्या बापाने पाळलं, त्याच्या बापाने पाळलं. आता कुणी पाळत नाही, मी पाळतो. मोसंबी घेऊन तुझ्याकडे यायचो, ओट्यावर बसायचो, तुला डोळे भरून बघायचो आणि निघायचो. त्यात तुझा अपमान कुठे होता?

असो. जानेवारीत पुन्हा मेळावा आहे. त्याच मंचावर मी उभा राहून खरं सांगणार, आणि तुला शाल देणार. तुझी आई म्हणाली, "आदी तिला इचारा." मी म्हटलं, सन्मान करायला कुणी विचारतं का.

गोळ्या सकाळी आठ आणि रात्री आठला चालू आहेत. रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत.

अप्पा


वडवणी,
२ डिसेंबर

जिल्हा परिषद शाळा, केज, या पत्त्यावर
रुद्राणी,

काल तुझ्या सासऱ्यांचा, अर्जुनरावांचा फोन आला. ते ओरडले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. माझं पहिलं पत्र त्यांच्या नावावर होतं म्हणून त्यांनी फोडलं. चष्मा सापडेना म्हणून जीवनरावांकडे दिलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. व्याहीणबाई तिथेच शेंगा फोडत बसल्या होत्या.

जीवनराव कुठल्या ओळीवर थांबले ते अर्जुनरावांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की मधेच अडखळून ते एक ओळ गाळायला लागले म्हणून त्यांच्या आईने पत्र ओढून घेतलं आणि शेजारच्या पोराकडून वाचून घेतलं. मग घरात विचारणा झाली. तेव्हा जीवनराव काय म्हणाले, तर "मला काय म्हाईत? तिनं कागद पुढं केला, म्या सही केली."

खोटं बोलतो आहे तो! अमरनाथ मला सांगतो, दवाखान्याच्या अवयवदान समितीपुढे त्याला बसवून, कॅमेरा लावून विचारलं होतं. त्याने स्वतःचं नाव सांगितलं, तुझं नाव सांगितलं, आणि माझी पत्नी राजीखुशीने देते आहे असं म्हणाला. ती चित्रफीत दवाखान्यात आहे. मी अर्ज करून ती मागवतो आणि त्याच्या आईपुढे लावतो. सख्खा नवरा बायकोला तोंडावर खोटं पाडतो!

तू त्याच दिवशी बॅग भरलीस आणि केजला खोली केलीस, हे मला व्याह्यांकडून कळावं? तुझ्या आईला तू सांगितलं होतंस, आणि ती आठ दिवस माझ्यासमोर गप्प बसून भाकरी थापत होती. काल रात्री तिने तुझा निरोप दिला, "त्यांना म्हणावं, आता काही करू नका." हा काय निरोप झाला?

पत्राचं म्हणशील तर लग्न झालेल्या मुलीला पत्र घरच्या वडीलधाऱ्याच्या नावाने घालायचं, ही जुनी पद्धत आहे. मला तेवढंच ठाऊक. कुणी फोडेल आणि वाचेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी ठरवून केलं नाही, रुद्रा.

रविवारी मी युसूफ वडगावला जातो आहे. तू नको म्हणालीस तरी जाणार. बाप आहे मी.

अप्पा


वडवणी,
१४ डिसेंबर

रुद्राणी,

जाऊन आलो. त्रिंबकने गाडीतून नेलं. मी डोक्यात सगळं जुळवून गेलो होतो, आधी जीवनरावांना सुनवायचं, मग व्याह्यांना समजवायचं, आणि तुला घरी आणायची बोली करून उठायचं.

जीवनराव होते, पण सगळा वेळ जमिनीकडे बघत बसले. मी चित्रफितीचं काढलं तेव्हा अर्जुनराव म्हणाले, "पाव्हणं, राहू द्या. त्यानं सही केली ते आमाला कळलंय. आईच्या भ्यानं खोटं बोललाय." तिथेच माझं अर्धं भाषण संपलं.

मग व्याहीणबाई, सरस्वतीबाई बोलल्या. मी आजवर त्यांचा आवाज दारामागूनच ऐकला होता. त्या समोर येऊन बसल्या. जसं बोलल्या तसं लिहितो.

"शेटजी, अकरा वर्सं झाली. तुमी येताव, वट्ट्यावर बसताव. पाणी आणलं की हात जोडताव. कावून, तर लेकीला लेकरू न्हाई. तुमी गेलाव की ती आत जाऊन रडायची आन् म्या समजूत काढायची. म्या सासू, तिची आई न्हाई, तरी म्याच काढायची. लातूरला तिच्यासंगं म्याच जायची. सुया टोचायच्या तवा हात म्या धरायची. आन् तिनं पोटातलं काढून तुमाला दिलं, ते मला शेजारच्या पोराकडून कळावं?"

मी म्हणालो, व्याहीणबाई, मलाही फसवलंच.

"तुमचं तुमी बघा," त्या म्हणाल्या. "मला इचारलं आसतं तर म्या हो म्हणलं आसतं का, मला ठाव न्हाई. सदुसष्ट वर्साचा माणूस आन् छत्तीस वर्साची बाई. लातूरच्या बाईनं कवाच सांगितलंय, आता एकएक वर्स मोलाचं हाय. म्या न्हाईबी म्हणलं आसतं. पर इचारायला पायजे व्हतं."

हाच हिशोब पुण्याच्या डॉक्टरांनी वेगळ्या शब्दांत मांडला होता. एवढ्या वयाच्या पेशंटसाठी तरुण माणसाला टेबलावर घेताना आम्ही दहादा विचार करतो, असं ते म्हणाले होते. तेव्हा मला तो माझ्या वयाचा अपमान वाटला होता.

निघताना मी विचारलं, रुद्राणीला घेऊन येऊ का? त्या म्हणाल्या, "दार काय म्या लावलं न्हाई. ती आपल्या पायानं गेली. तिला नवऱ्याचं तोंड बगायचं न्हाई. मला तिचं बगायचं हाय, पर लई राग हाय अजून."

वाटेत केज लागलं. त्रिंबकने गाडी हळू केली. मी म्हटलं, चल पुढे. तुझ्या दारात उभं राहून काय बोलायचं ते मला सुचलं नाही.

अप्पा


वडवणी,
१७ डिसेंबर

रुद्राणी,

हे पत्र मी तीन दिवस लिहितो आहे आणि फाडतो आहे. सरस्वतीबाईंना मी म्हणालो, मलाही फसवलं. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं या बाईला सगळं दिसतं आहे. त्यांना काही दिसलं नव्हतं, माझंच मन मला खात होतं. आता लिहून टाकतो.

मला कपिलधारला कळलं नाही. मला ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी कळलं.

मी काचेच्या खोलीत होतो. नळ्या होत्या, पण शुद्ध पुरती आली होती. गळ्यातलं इष्टलिंग ऑपरेशनच्या वेळी काढून तुझ्या आईकडे दिलं होतं, ते मला हवं होतं म्हणून मी हाताने खुणा करत होतो. एक सिस्टर आली, केरळची होती, मोडकंतोडकं मराठी बोलायची. ती वाकून म्हणाली, "अंकल, तुमची मुलगी विचारते, अप्पा जागे झाले का. ती आज चार पावलं चालली. डोनर एकदम चांगली आहे. तिला काय सांगू?"

मी डोळे मिटून घेतले. झोप लागल्याचं सोंग केलं.

पडल्या पडल्या मला काय वाटलं, ते तुला आता खरं सांगतो. आधी मला बरं वाटलं. मी जगलो, आणि माझा शब्दही मोडला नाही, कारण मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही लपवता आहात, तर मला कळलेलं नसलेलं बरं. लेकीचं घेतलं नाही असं म्हणायची सोय राहिली. मुलाचं नाव राहिलं. माझं राहिलं. संध्याकाळी तुझी आई आत आली, तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "अमर बरा आहे ना?" तिने मान हलवली.

मेळाव्यात माईक हातात घेतला तेव्हा तू तिसऱ्या रांगेत कुठे बसली आहेस, हे मला नेमकं माहीत होतं. तरी मी ते वाक्य बोललो. लोकांपुढे बोलता बोलता मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

मग त्रिंबकने सदरा ओढला. आता वीस माणसांना कळलं होतं, आठ दिवसांत तालुक्याला कळणार होतं की लेकीच्या घरचं पाणी न पिणाऱ्या गुरुपाद शेटजीने लेकीचं लिव्हर घेतलं. म्हणून मी ते पहिलं पत्र लिहिलं. ठासून लिहिलं. अर्जुनरावांच्या नावावर घातलं ते पद्धत म्हणून नाही. तुझ्या शाळेचा पत्ता माझ्याकडे होता. अर्जुनरावांनी ते फोडावं, वाचावं, आणि चार माणसांत सांगावं की शेटजीला बिचाऱ्याला फसवलं, एवढंच मला हवं होतं. तुझं पित्ताशयाचं आणि लातूरचं मी त्यात लिहिलं, कारण त्याशिवाय माझं फसवलं जाणं पुरेसं मोठं दिसत नव्हतं. तुझ्या घराचं काय होईल हा विचार माझ्या मनात आला होता, आणि मी तो बाजूला सारला.

अमर भ्याला. जीवनराव भ्याले. त्या दोघांवर मी पानं भरभरून लिहिलं. मी कशाला भ्यालो, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आज सकाळी आठच्या गोळ्या देताना तुझ्या आईला हे सगळं सांगितलं. मला वाटलं ती तांब्या आपटेल. ती माझ्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "मला म्हाईत हाय."

मी म्हटलं, काय माहीत आहे?

"तुमाला म्हाईत व्हतं ते. आन् रुद्रालाबी म्हाईत हाय. ती सिस्टर आपल्या मनानं आल्ती व्हय तुमच्याकडं? रुद्रानंच धाडली व्हती तिला. आदी कळू देऊ नका म्हणली, आन् तिसऱ्या दिवशी तिला ऱ्हावंना. म्हणली, आई, अप्पा हाक मारतील मला. खुर्चीत बसवून दाराकडं तोंड करून घेतलं तिनं. म्या तुमच्याकडून बाहीर आले तर म्हणली, काय म्हणले अप्पा?"

मी विचारलं, मग तू काय सांगितलंस?

"काय सांगू? म्हणले, आमर बरा हाय का इचारलं."

एवढं बोलून ती उठली आणि आत गेली. मी चार पत्रांत तुला किती वेळा लिहिलं की मला फसवलं, ते मोजायची हिंमत होत नाही. तुला तर माझ्या पहिल्या ओळीपासूनच सगळं माहीत होतं.

मी उत्तर मागत नाही.

अप्पा